चेन्नईत शाळेची हद्द कोण आखतो?

चेन्नईतील राजा अण्णामलैपुरम भागात बकिंगहॅम कालव्याच्या काठी असलेल्या गोविंदसामी नगर या वस्तीतील घरे पाडण्यास २०२२ च्या एप्रिलअखेरीस प्रारंभ झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा या कारवाईला आधार होता. तमिळनाडूत त्या वर्षी बारावीची परीक्षा ५ मे रोजी आणि दहावीची ६ मे रोजी सुरू झाली. म्हणजे पाडकाम आणि परीक्षा एकाच सुमारास आल्या. ८ मे रोजी एका रहिवाशाने स्वतःला पेटवून घेतले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी विधानसभेत जाहीर केले की, या कुटुंबांना शहराच्या टोकाला न पाठवता मंदवेली आणि मैलापूर परिसरातच घरे देण्यात येतील.

या घटनेची चर्चा मुख्यतः निवाऱ्याच्या हक्काच्या अंगाने झाली आणि ते स्वाभाविकही होते. मात्र मंदवेली की पेरुम्बाक्कम, हा प्रश्न केवळ घराचा नव्हता. या मुलांनी पुढील वर्षी कोणत्या शाळेत जावे, हेही त्याच निर्णयाने ठरणार होते. त्या निर्णयात शिक्षण विभागाला ठळक स्थान नव्हते आणि पालकांचे म्हणणे ऐकले गेले ते एका माणसाचा जीव गेल्यानंतर.

अमेरिकेतील अनेक शहरांत सरकारी शाळांसाठी नकाशावर रेषा आखलेली असते. रेषेच्या अलीकडील मुले एका शाळेत, पलीकडील दुसऱ्या शाळेत. ही रेषा बदलायची असेल तर शिक्षण मंडळाला सहसा प्रस्ताव प्रसिद्ध करून जाहीर सुनावणी घ्यावी लागते. भारतातील शहरांत अशी रेषा सहसा नसते. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्नच नाही, असा समज आहे. चेन्नईचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. तेथे रेषा आहेत आणि त्या वेळोवेळी बदलल्याही जातात. फरक इतकाच की त्यांना शाळेची हद्द असे नाव नाही आणि म्हणून त्यांच्याविषयी पालकांना विचारण्याची पद्धतही नाही.

यांपैकी कायद्याने आखलेली रेषा म्हणजे एक किलोमीटरचे वर्तुळ. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने परिसरात शाळा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, असे अंतर नियमांनी ठरवले. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठीही तमिळनाडूत एक किलोमीटरचीच अट लावण्यात आली. कल्पना नवी नव्हती. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसर शाळेचा आग्रह धरला होता तो वेगळ्याच हेतूने: एका वस्तीतील गरीब आणि सधन मुले एकाच बाकावर बसावीत, हा त्यामागील विचार होता. कायद्यात येईपर्यंत या विचाराचे अंतराच्या मोजमापात रूपांतर झाले.

नकाशावर कंपास ठेवून काढलेले वर्तुळ चेन्नईसारख्या शहरात फारसे उपयोगी पडत नाही. कूवम आणि अड्यार या दोन नद्या शहराला छेदून समुद्राला मिळतात. बकिंगहॅम कालवा किनाऱ्याला समांतर धावतो. उपनगरी रेल्वेचे मार्ग आहेत आणि जुन्या महाबलीपुरम मार्गासारखे, पायी ओलांडताना मोठ्या माणसालाही विचार करावा लागेल असे रस्ते आहेत. कालव्यापलीकडील शाळा सरळ रेषेत चारशे मीटरवर असली, तरी पुलावरून वळसा घालून जाताना ते अंतर दुपटी-तिपटीने वाढू शकते. ईशान्य मोसमी पावसात रस्ते पाण्याखाली गेले की वेगळाच हिशेब मांडावा लागतो. सहा वर्षांचे मूल प्रत्यक्षात किती आणि कोणत्या वाटेने चालते, याची नेमकी माहिती त्या गल्लीतील आयांकडे असते. वर्तुळ काढणाऱ्याकडे ती असण्याचे कारण नाही.

चेन्नई महापालिकेला शाळा चालवण्याची जुनी परंपरा आहे, हे येथे लक्षात घ्यायला हवे. १९२० मध्ये जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने थाउजंड लाइट्स भागातील पालिका शाळेत मुलांना दुपारचे जेवण देण्यास सुरुवात झाली. पुढे देशभर पोहोचलेल्या माध्यान्ह भोजनाचा हा आरंभ मानला जातो. घराजवळ शाळा असली तरी उपाशी मूल तेथे टिकत नाही, हे त्या काळच्या नगरसेवकांना कळले होते. १९५४ ते १९६३ या काळात मुख्यमंत्री असलेल्या के. कामराज यांनी घरापासून सुमारे मैलभराच्या आत प्राथमिक शाळा, हे धोरण राबवले. तमिळनाडूच्या शैक्षणिक प्रगतीचा पाया या दोन गोष्टींवर उभा आहे. त्यामुळे या राज्यात शाळा नाहीत, अशी तक्रार सहसा कोणी करत नाही. तक्रार आहे ती माणसे हलवली जातात आणि शाळा मागे राहते, ही.

तमिळनाडू झोपडपट्टी निर्मूलन मंडळाने, ज्याचे नाव २०२१ मध्ये नागरी अधिवास विकास मंडळ असे झाले, गेल्या पाव शतकात शहराच्या दक्षिण टोकाला मोठ्या पुनर्वसन वसाहती उभारल्या. तोरैपाक्कमजवळील कन्नगी नगर २००० पासून वसू लागले. तेथे पंधरा हजारांहून अधिक घरे आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर सेम्मनचेरीत आणि पुढील दशकात पेरुम्बाक्कममध्ये तशाच वसाहती झाल्या. २०१५ च्या महापुरानंतर नदीकाठच्या वस्त्या हलवण्याला वेग आला. मूळ वस्त्या शहराच्या मध्यभागी, नदी-कालव्यांच्या काठी होत्या. नव्या वसाहती तेथून वीस-पंचवीस किलोमीटर दूर. कन्नगी नगर आणि पेरुम्बाक्कम ही आज आशियातील मोठ्या पुनर्वसन वसाहतींत गणली जातात. अशी वसाहत उभी करताना सदनिकांची संख्या ठरते, पाण्याच्या टाक्या मोजल्या जातात. पण तेथे येणारी मुले कितवीत आहेत, कोणत्या माध्यमात शिकतात, त्यांपैकी किती जण यंदा दहावीला आहेत, ही यादी क्वचितच आधी तयार असते.

पाडकामाचा मुहूर्त शैक्षणिक वर्षाशी जुळत नाही, हे दुसरे दुखणे. कूवमकाठच्या सत्यवाणी मुत्तू नगरातील कुटुंबांना डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे वर्ष निम्मे उलटल्यावर, पेरुम्बाक्कमला हलवण्यास सुरुवात झाली. अशा वेळी पालकांपुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे मुलाचे नाव जुन्याच शाळेत ठेवून त्याला पहाटेच्या बसने शहरात पाठवणे. दुसरी म्हणजे नव्या वसाहतीजवळील, आधीच भरलेल्या शाळेत वर्षाच्या मध्यात प्रवेश मागणे. पहिल्या वाटेत मुलाचे रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात आणि मोठ्या मुलींना पाठवण्याचे धाडस अनेक घरांत होत नाही. दुसऱ्या वाटेत वर्ग, शिक्षक आणि सोबती सगळेच बदलते. दोन्ही वाटांवर गळती होते. शहरातील वंचितांसाठी काम करणाऱ्या संस्था ही बाब अनेक वर्षे मांडत आल्या आहेत आणि परीक्षेच्या काळात पाडकाम करू नये, ही त्यांची मागणी जुनीच आहे.

शहरात मागे राहिलेल्या शाळेची कहाणी याला जोडूनच येते. वस्ती उठली की तिच्या शेजारची पालिका शाळा ओस पडू लागते. पट घटला की शाळा विलीन करण्याचा प्रस्ताव येतो. शून्य पटसंख्येच्या ४६ शाळांचे ग्रंथालयांत रूपांतर करण्याचा निर्णय तमिळनाडू सरकारने २०१९ मध्ये घेतला होता. त्या शाळा राज्यभरातील होत्या आणि प्रत्येकीचे कारण वेगळे असणार. चेन्नईच्या संदर्भात मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते: एका ठिकाणी मुले कमी म्हणून शाळा आकुंचन पावते आणि दुसऱ्या ठिकाणी मुले जास्त म्हणून वर्ग ओसंडतात, तेव्हा तो लोकसंख्येचा नैसर्गिक ओघ नसतो. शासनाच्याच एका विभागाने दुसऱ्या विभागाला न विचारता केलेली ती फेरआखणी असते.

या गुंत्यात प्रशासकीय हद्दीची भर पडली. ऑक्टोबर २०११ मध्ये चेन्नई महापालिकेत भोवतालच्या ४२ स्थानिक संस्था विलीन झाल्या. शहराचे क्षेत्र १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटरवर गेले, प्रभाग १५५ चे २०० झाले. कन्नगी नगर आणि सेम्मनचेरी याच विस्तारात शहरात आले. ज्यांना एके काळी शहरातून उठवून पंचायतीच्या हद्दीत नेले होते, त्यांच्यापर्यंत शहर अशा रीतीने स्वतःच चालत आले. शाळा मात्र आल्या नाहीत. रस्ते, दिवे, कचरा महापालिकेकडे गेला. विस्तारित भागातील सरकारी शाळा राज्याच्या शिक्षण विभागाकडेच राहिल्या. या भागांतील १३९ शाळा महापालिकेकडे सोपवण्याचा निर्णय व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. तोपर्यंत महापालिकेच्या २८१ शाळा होत्या. या निर्णयाने तो आकडा ४२० झाला.

मधली अकरा वर्षे एकाच प्रभागात, एकाच रस्त्यावर दोन वेगवेगळ्या यंत्रणांच्या शाळा होत्या. महापालिकेच्या शाळेत एक सोय, शिक्षण विभागाच्या शाळेत दुसरी. नगरसेवकाकडे तक्रार घेऊन जाणाऱ्या पालकाला ही शाळा आपल्याकडे नाही, असे उत्तर मिळणे शक्य होते. हस्तांतराच्या वेळी चर्चा झाली ती शिक्षकांची सेवाज्येष्ठता, बदल्या आणि इमारतींची मालकी यांवर. हे प्रश्न किरकोळ नव्हेत. तरीही ज्यांची मुले तेथे शिकतात, त्यांना या निमित्ताने साधा प्रश्न विचारता आला असता: आता दोन्ही शाळा एकाच घरच्या झाल्या आहेत, तर कोणत्या गल्लीतील मुलांनी कोठे जाणे सोयीचे होईल?

हा प्रश्न विचारण्यासाठी लागणारी माणसे तमिळनाडूत आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक राज्यांत ही समिती सहीपुरती उरली असताना तमिळनाडूने २०२२ मध्ये ती गांभीर्याने घेतली. २० मार्च २०२२ रोजी राज्यभरातील सरकारी शाळांत पालकांच्या सभा झाल्या आणि समित्यांची पुनर्रचना करण्यात आली. ‘नम् पळ्ळी नम् पेरुमै’, म्हणजे आपली शाळा, आपला अभिमान, या नावाने मोहीम चालली. वीस सदस्यांच्या समितीत स्थानिक लोकप्रतिनिधींना स्थान मिळाले आणि २०२४ च्या पुनर्रचनेत माजी विद्यार्थ्यांना सामावून घेत ही संख्या २४ झाली. या समित्यांमुळे स्वच्छतागृहे, कुंपणभिंती, गैरहजर मुले अशा बाबी मार्गी लागण्यास मदत होते.

हद्दीच्या प्रश्नात मात्र ही समिती हतबल ठरते. कारण ती एका शाळेची असते. हद्द दोन शाळांच्या मध्ये असते. समितीने शाळा विकास आराखडा करावा आणि येत्या वर्षांतील पटसंख्येचा अंदाज मांडावा, अशी तरतूद आहे. पण वस्ती कधी उठणार किंवा नवी वसाहत कधी भरणार, हे तिला कोणी कळवत नाही. शिवाय ज्या पालकांचे मूल अद्याप कोणत्याच शाळेत नाही, किंवा काल-परवा ट्रकमधून सामानासह उतरलेल्या कुटुंबाचे आहे, ते कोणत्याही समितीत बसत नाहीत. ज्यांना हद्दीची झळ सर्वाधिक बसते, नेमके तेच समितीच्या बाहेर राहतात.

त्याच २०२२ मध्ये तमिळनाडूने प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभा यांचे नियम लागू केले. ग्रामसभेचे शहरी रूप असे त्याचे वर्णन करता येईल. प्रभागाचे लहान क्षेत्रांत विभाजन होते आणि तेथील मतदारांची सभा भरते. शाळांच्या हद्दीचा विषय मांडण्यास आजच्या घडीला याहून जवळचे व्यासपीठ चेन्नईत नाही. एका क्षेत्रसभेत दोन-तीन शाळांचे पालक एकत्र येऊ शकतात आणि ज्यांचे मूल शाळेत नाही तेही बोलू शकतात. अडचण अशी की या सभांच्या विषयपत्रिकेवर सहसा गटार, पाणी आणि दिवे असतात आणि शिक्षण खात्याचा अधिकारी तेथे उपस्थित राहीलच असे नाही. महाराष्ट्रानेही २००९ मध्ये नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली होती. ती किती ठिकाणी भरते, हे मुंबई-पुण्यातील वाचकांना सांगण्याची गरज नाही.

लोकांना विचारले की सर्व काही सुरळीत होते, असेही मानता येत नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील हॉवर्ड काउंटीत २०१९ मध्ये गर्दीच्या शाळांवरील ताण आणि गरिबीचे केंद्रीकरण कमी करण्यासाठी नव्या रेषांचा प्रस्ताव आला. प्रारंभी सुमारे ७,४०० मुलांच्या शाळा बदलणार होत्या. सुनावण्या लांबल्या, निवेदनांचा ढीग लागला, मोर्चे निघाले आणि नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात हा आकडा सुमारे ५,४०० वर आला. चांगली शाळा लाभलेल्या वसाहतींचा विरोध सर्वांत तीव्र होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील १५ क्रमांकाच्या शालेय जिल्ह्यात मात्र वेगळा मार्ग धरला गेला. तेथे पालक, शिक्षक आणि स्थानिक संस्था यांच्या गटाने वस्त्यावस्त्यांत कार्यशाळा घेतल्या आणि २०१८ मध्ये माध्यमिक शाळांच्या प्रवेशातील निवडीचे निकष काढून सोडतीची पद्धत मान्य झाली. निम्म्याहून थोड्या अधिक जागा गरीब, बेघर आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी राखल्या गेल्या. दोन्ही ठिकाणी लोकांना विचारले गेले. एका ठिकाणी तयार रेषा दाखवून विचारले, दुसऱ्या ठिकाणी रेषा आखण्याआधी. चेन्नईने पाहावे असे काही यात असेल तर ते हेच. शिवाय सभेला येण्यास ज्यांना वेळ मिळतो त्यांचाच आवाज सभेत उमटतो. कन्नगी नगरमधून पहाटे घरकामासाठी शहरात जाणारी आई दुपारी अकराच्या बैठकीला येऊ शकणार नाही, हे बैठक बोलावणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय परका वाटू नये. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याविषयी पत्र काढले, तेव्हा राज्यात अशा १४ हजार ७०० हून अधिक शाळा होत्या. तोरणमाळ आणि पानशेत ही उदाहरणे पुढे करण्यात आली. आक्षेप उठले ते याच मुद्द्यावर: वाडीवरचे मूल ओढा ओलांडून कसे जाणार, हे वाडीला कोणी विचारले? पुढे ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तेच एक किलोमीटरचे वर्तुळ तमिळनाडूत गरीब मुलाला खासगी शाळेत आत घेण्यासाठी वापरले गेले आणि महाराष्ट्रात त्याला बाहेर ठेवण्यासाठी वापरण्याचा प्रयत्न झाला.

मुंबईत तर चेन्नईचे प्रतिबिंबच दिसते. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलला हलवले गेले तेव्हा मुलांच्या शाळांचा प्रश्न असाच मागाहून आठवला. धारावीचा पुनर्विकास होत असताना तेथील पालिकेच्या तमिळ माध्यमाच्या वर्गांचे काय होणार, हा प्रश्न आजच विचारण्याजोगा आहे. घर कोठेही मिळू शकते. तमिळ माध्यमाचा वर्ग सर्वत्र मिळत नाही. चेन्नईतील उर्दू आणि तेलुगू माध्यमाच्या पालिका शाळांनाही हाच न्याय लागू पडतो. अल्पसंख्य भाषेच्या मुलांसाठी शाळेची हद्द एक किलोमीटरची नसते, ती त्या भाषेच्या शेवटच्या शाळेपर्यंत पसरलेली असते.

एक तुलना मात्र टाळता येत नाही. मतदान केंद्र बदलायचे असेल तर निवडणूक यंत्रणा प्रारूप यादी प्रसिद्ध करून हरकती मागवते आणि मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये, असा दंडक पाळते. प्रभागाची हद्द बदलताना हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिली जाते. चेन्नईच्या २०० प्रभागांची २०१८ ची रचना याच मार्गाने झाली. पाच वर्षांतून काही वेळा मत देणाऱ्या प्रौढाला ही सोय आहे. वर्षातील दोनशेहून अधिक दिवस त्याच रस्त्याने जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत प्रारूपही नसते आणि हरकतीची मुदतही नसते.

२०२७ च्या जनगणनेचे आकडे आल्यावर चेन्नईच्या प्रभागांच्या हद्दी पुन्हा तपासल्या जातील. त्या कामासाठी गल्लीनिहाय नकाशे आणि लोकसंख्येचे तक्ते तयार करावे लागणारच आहेत. त्याच नकाशावर महापालिकेच्या शाळा, प्रत्येकीची पटसंख्या, पूल, रेल्वे फाटके आणि अधिवास मंडळाने नियोजित केलेल्या वसाहती दाखवून तो क्षेत्रसभांपुढे ठेवण्यास नव्या कायद्याची गरज नाही. शिक्षण विभाग, महापालिका आणि अधिवास मंडळ यांनी एका टेबलाशी बसणे तेवढे आवश्यक आहे. गोविंदसामी नगरच्या वेळी ते घडले नव्हते.